अतिवेगानें चालविलेला संगणक कां अडखळतो?



घरांतील संगणक कारखान्यानें ठरविलेल्या वेगापेक्षां अधिक वेगानें चालविणें, याला 'ओव्हरक्लॉकिंग' असें म्हणतात. तरुण मंडळींच्या तोंडीं हा शब्द वारंवार ऐकूं येतो. नवें यंत्र विकत न घेतां जुन्याच यंत्राकडून थोडें अधिक काम करून घ्यावें, हा त्यामागील हेतु. आणि काटकसरीनें चालणाऱ्या कोणत्याहि घराला तो पटण्यासारखा आहे. परंतु असा वाढविलेला वेग एखादे दिवशीं अंगाशीं येतो. काम चालूं असतां पडदा एकाएकीं निळा होतो, यंत्र आपोआप बंद पडून पुन्हां सुरू होतें, किंवा जागच्या जागीं थिजून बसतें. मग कोणी पंख्याला दोष देतो, कोणी विंडोजला, कोणी विजेला. आणि घाईघाईनें चार ठिकाणीं चार फेरफार करून मूळचा गुंता अधिकच वाढवून ठेवतो. हा दोष क्रमानें कसा शोधावा, हें आज मी आपणांस सांगणार आहें.

प्रारंभींच एक गोष्ट सांगून ठेवतों. बंद पडणारें यंत्र तितकेंसें धोक्याचें नव्हे. न थांबतां चुकीचें उत्तर देणारें यंत्र अधिक धोक्याचें. बंद पडलेलें यंत्र आपण पुन्हां सुरू करतों. पण जमाखर्चाच्या तक्त्यांतील एक आंकडा गुपचूप बदलला, किंवा लग्नकार्याच्या छायाचित्रांची फाइल जतन होतां होतां बिघडली, तर ती गोष्ट महिनेच्या महिने ध्यानांतहि येत नाहीं. म्हणून "माझा संगणक बंद पडत नाहीं, त्या अर्थीं तो ठीक आहे," हें अनुमान बरोबर नव्हे. तो थांबतो कीं नाहीं याबरोबरच तो अचूक गणित करतो कीं नाहीं, हेंहि आपणांस पाहावयाचें आहे.

आतां वेग म्हणजे काय तें पाहूं. प्रोसेसर हा संगणकाचा गणित करणारा मुख्य भाग. त्याच्या आंत ट्रान्झिस्टर नांवाचे कोट्यवधि अतिसूक्ष्म स्विच असतात, आणि ते सर्व एका ठराविक ठोक्यावर चालतात. एका ठोक्याला निघालेला संदेश पुढचा ठोका पडण्यापूर्वीं आपल्या मुक्कामीं पोंचून स्थिर झाला पाहिजे, हा तेथील नियम. एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊं. इंटेल कंपनीचा कोअर आय७-२६००के हा प्रोसेसर २०११ सालच्या जानेवारींत बाजारांत आला. त्याचा ठरलेला वेग ३४०० मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ३४० कोटी ठोके. मूळ ठोका १०० मेगाहर्ट्झचा, आणि त्याला ३४ नें गुणावयाचें. या गुणकाला मल्टिप्लायर म्हणतात. नांवाच्या शेवटीं असलेलें 'के' हें अक्षर म्हणजे हा गुणक वाढविण्यास कंपनीनें मोकळीक ठेवली आहे याची खूण. गुणक ४५ केला कीं वेग ४५०० मेगाहर्ट्झ होतो, आणि या जातीच्या पुष्कळ प्रोसेसरांनीं तो पेललाहि आहे. मात्र एवढ्या वेगानें दोन ठोक्यांमध्यें किती अवकाश उरतो? तेवढ्यांत प्रकाशाचा किरणसुद्धां पुरते सात सेंटिमीटर जात नाहीं.

वर्गांत श्रुतलेखन घालणाऱ्याला हा प्रकार चटकन समजेल. गुरुजी सावकाश सांगत असतात तोंवर सर्व मुलें बरोबर लिहितात. ते थोडे भरभर सांगूं लागले कीं बहुतेकांचें निभतें, पण सर्वांत सावकाश लिहिणारा मुलगा मागें पडूं लागतो. वर्गाची गति त्या एका मुलावर ठरते. प्रोसेसरांतहि सर्वांत लांबचा किंवा सर्वांत मंद मार्ग जो असेल, तोच वेगाची मर्यादा ठरवितो. मागें पडलेला मुलगा दोन तऱ्हांनीं वागतो. एक हात वर करून म्हणतो, "गुरुजी, थांबा, माझें राहिलें." दुसरा कांहीं बोलत नाहीं, सुटलेला शब्द गाळून पुढचा लिहूं लागतो. पहिल्याचा प्रकार म्हणजे संगणकाचा निळा पडदा. दुसऱ्याची वही तपासावी तेव्हांच त्याची चूक कळते.

कोणी विचारील, कीं मग कारखान्यानें ठरविलेल्या वेगापुढें प्रोसेसर जातोच कसा? याचें कारण असें, कीं कारखाना आपला माल निरनिराळ्या हवामानासाठीं आणि अनेक वर्षांच्या वापरासाठीं हवालीं करीत असतो. खोली तापलेली असेल, वीजपुरवठा सामान्य प्रतीचा असेल, प्रोसेसर जुना झाला असेल, तरी उत्तर बरोबर आलें पाहिजे, म्हणून तो कांहीं राखीव सोडतो. १९९८ सालीं इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रोसेसर याच कारणानें गाजला. त्याचा गुणक साडेचार हा कायमचा बंद केलेला होता. पण मूळ ठोका ६६ ऐवजीं १०० मेगाहर्ट्झ केला कीं ३०० चा वेग एकदम ४५० होई, आणि त्या वेळच्या महागड्या पेंटियम टूच्या पंक्तीला तो जाऊन बसे. तरी तो प्रत्येकाला साधलाच असें नाहीं, कारण एका जातीचे दोन प्रोसेसर तंतोतंत सारखे निघत नाहींत. मित्राच्या यंत्राला जो वेग मानवला तोच आपल्या यंत्राला मानवला पाहिजे, असा हट्ट धरणें म्हणूनच व्यर्थ होय.

वेग वाढविला आणि प्रोसेसर अडखळूं लागला, तर त्याला दिलेलें व्होल्टेज किंचित् वाढवितात. त्यायोगें स्विच अधिक चपळ होतात. पण याची किंमत उष्णतेच्या रूपानें द्यावी लागते. ठोक्यांमुळें होणारा विजेचा खर्च वेगाच्या पटीनें वाढतो, आणि व्होल्टेजच्या तर वर्गाच्या पटीनें वाढतो. समजा, ३४०० चा वेग ४५०० केला आणि व्होल्टेज १.२० वरून १.३५ वर नेलें. वेग सुमारें एक-तृतीयांशानें वाढला. परंतु खर्च आणि त्याबरोबर उष्णता सुमारें दोन-तृतीयांशांनीं वाढली. शिवाय तापलेल्या तारांचा विरोध वाढून संदेश मंदावतात, म्हणजे ज्या मंदपणावर उपाय म्हणून व्होल्टेज वाढविलें तोच मंदपणा मागच्या दारानें परत येतो. वेग, व्होल्टेज आणि उष्णता या तिहींचें असें त्रांगडें असल्यामुळें, एक सोडून दुसऱ्याचा विचार करतां येत नाहीं.

आतां लक्षणांकडे वळूं. वैद्य जसा नाडी पाहण्यापूर्वीं रोग्याला चार प्रश्न विचारतो, तसे आपणहि विचारावे. यंत्र कोणत्या वेळीं अडखळतें? कसें अडखळतें?

बटण दाबल्यावर पडद्यावर कांहींच उमटलें नाहीं, तर वेग फारच पुढें नेला आहे, किंवा रॅमला तिची गति मानवत नाहीं, असें समजावें. जड काम सुरू होतांच एक-दोन मिनिटांत निळा पडदा आला, तर बहुधा त्या वेगाला व्होल्टेज अपुरें पडत आहे. तोच पडदा वीस-पंचवीस मिनिटांनीं आला, तर संशय उष्णतेवर घ्यावा. तार उपटावी तसें यंत्र क्षणांत विझलें आणि निळा पडदाहि दिसला नाहीं, तर पॉवर सप्लाय कमी पडत असावा, किंवा अति तापल्यामुळें यंत्रानें स्वतःला वांचविण्यासाठीं वीज तोडली असावी. जड काम निर्वेध पार पडतें, पण यंत्र रिकामें बसलें असतां थिजतें, असेंहि घडतें. अशा वेळीं विश्रांतीच्या स्थितींत व्होल्टेज फार खालीं जात आहे काय, तें पाहावें. आणि मधूनमधून एखादा प्रोग्रॅम आपोआप मिटतो, झिप केलेली फाइल उघडतांना ती बिघडल्याची सूचना येते, परंतु यंत्र बंद पडत नाहीं, अशी तक्रार असेल तर आधीं रॅम तपासावी. हीं लक्षणें म्हणजे पुरावा नव्हे; शोध कोठून सुरू करावा एवढेंच तीं सांगतात.

शोधाची पहिली पायरी म्हणजे महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ती डिस्क यंत्रापासून वेगळी करून ठेवणें. शंकास्पद यंत्रावर चांचणी करतांना घरचें दप्तर त्याच्यावर सोंपवून ठेवूं नये.

दुसरी पायरी म्हणजे सर्व कांहीं मूळपदावर आणणें. मदरबोर्डच्या बायोसमध्यें कारखान्याच्या मूळ मांडणीवर परत जाण्याची सोय असते. पडदाच उमटत नसेल, तर वीज पूर्ण तोडून, मदरबोर्डच्या पुस्तिकेंत दिलेल्या रीतीनें 'क्लिअर सीमॉस' करावें. या मूळ स्थितींत यंत्र दोन-तीन दिवस वापरावें. तेथेंहि तें अडखळत असेल, तर दोष वाढविलेल्या वेगाचा नव्हे. तो दुसरीकडे आहे, आणि व्होल्टेजशीं खेळत बसण्यांत अर्थ नाहीं. पुष्कळांचे दिवस या एका पायरीच्या अभावीं फुकट जातात.

येथें एक सूचना करावीशी वाटते. रॅमच्या पाकिटावर छापलेला मोठा वेग मिळविण्यासाठीं बायोसमध्यें 'एक्सएमपी' नांवाची मांडणी चालूं करतात. ती छापील असल्यामुळें ती निर्धोक आहे असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ती मांडणी म्हणजे देखील ओव्हरक्लॉकिंगच होय. तिचा ताण रॅमवरच नव्हे, तर प्रोसेसरांत रॅमशीं बोलणारा जो भाग असतो त्याच्यावरहि पडतो. म्हणून मूळपदावर येणें याचा अर्थ एक्सएमपीसुद्धां बंद करणें, असा घ्यावा.

तिसरी पायरी विभागणीची. प्रोसेसर आणि रॅम या दोघांना एकाच वेळीं ताणूं नये. प्रथम प्रोसेसर मूळ वेगाला ठेवून केवळ रॅमची वाढीव मांडणी चालूं करावी, आणि मेमटेस्ट८६ हा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवरून रात्रभर चालवावा. तो विंडोजच्या मदतीशिवाय चालतो, त्यामुळें विंडोजच्या फाइली बिघडण्याचें भय नाहीं. त्यांत एकहि चूक निघाली तरी ती मांडणी टाकून द्यावी. एखादीच चूक आहे, चालेल, असें येथें म्हणतां येत नाहीं. कारण ती एक चूक उद्यां कोणत्या फाइलींत जाऊन बसेल हें कोणास ठाऊक?

त्यानंतर रॅम मूळ वेगाला आणून प्रोसेसरचा गुणक एकेक अंकानें वाढवावा. प्रत्येक वाढीनंतर सुमारें तासभर परीक्षा घ्यावी. या परीक्षेसाठीं प्राईम९५ हा प्रोग्रॅम प्रसिद्ध आहे, आणि त्याची जन्मकथा आपल्या विषयाला धरून आहे. दोनाच्या एखाद्या घातांतून एक वजा केला असतां जी संख्या येते ती अविभाज्य असेल, तर तिला मर्सेन अविभाज्य संख्या म्हणतात. अशा प्रचंड संख्या शोधण्याचा एक सार्वजनिक प्रकल्प १९९६ पासून चालूं आहे, आणि जगभरचे लोक आपापल्या संगणकांवर त्यासाठीं गणित करतात. एका गणिताला कित्येक दिवस लागूं शकतात, आणि मध्येंच एक अंक चुकला तर तो सर्व खटाटोप फुकट जातो. म्हणून यंत्र विश्वासाचें आहे काय हें पाहण्याची परीक्षा त्या प्रोग्रॅममध्येंच घातलेली आहे. ज्यांचीं उत्तरें आधींच माहीत आहेत अशीं गणितें तो यंत्राला घालतो आणि आलेलें उत्तर ताडून पाहतो. यंत्र बंद न पडतांहि उत्तर चुकलें तर तो तसें सांगून थांबतो. मघाच्या दुसऱ्या मुलाची वही तपासण्याचें काम तें हेंच. त्यांतील 'स्मॉल एफएफटी' ही परीक्षा मुख्यतः प्रोसेसरला तापविते. 'ब्लेंड' ही रॅमलाहि कामाला लावते. जें आधीं हवें तें आधीं वापरावें.

परीक्षेंत पहिली चूक दिसली कीं दोन मार्ग असतात: गुणक एकानें उतरविणें, किंवा व्होल्टेज ०.०१ ते ०.०२ इतक्या लहान पावलानें वाढविणें. दोन्ही एकदम करूं नयेत. एका वेळीं एकच फेरफार, आणि तो वहींत लिहून ठेवलेला, हा या कामांतील मुख्य नियम. तारीख, गुणक, व्होल्टेज, अधिकांत अधिक तापमान, खोलीचें तापमान, आणि परीक्षेचा निकाल, एवढे सहा रकाने पुरेत. स्मरणावर विसंबून राहणाऱ्याला तिसऱ्या दिवशीं आपण कोठें होतों हेंच आठवत नाहीं.

विंडोजमध्यें 'इव्हेंट व्ह्यूअर' नांवाची नोंदवही असते. तींत 'डब्ल्यूएचईए' या नांवाखालीं प्रोसेसरनें स्वतः पकडून दुरुस्त केलेल्या चुकांची नोंद कित्येकदां सांपडते. यंत्र वरकरणीं सुरळीत चाललें असतां अशा नोंदी वाढूं लागल्या, तर कडा जवळ आला असें समजून मागें फिरावें.

उष्णतेचें पाहतांना दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्यात. इंटेलच्या पुष्कळ डेस्कटॉप प्रोसेसरांची तापमानाची वरची मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तेथें पोंचतांच प्रोसेसर आपण होऊन वेग उतरवितो. तेव्हां परीक्षा पार पडली एवढ्यावर समाधान न मानतां, परीक्षेच्या वेळीं ठरविलेला वेग खरोखरच टिकून होता काय, हेंहि पाहावें. नाहीं तर तो उतरलेल्या वेगाला पास झालेला असावयाचा. दुसरी गोष्ट आपल्या हवेची. खोलीचें तापमान जितकें चढेल, जवळजवळ तितकेंच प्रोसेसरचेंहि चढतें. जानेवारींत २२ अंशांच्या खोलींत जो प्रोसेसर ८० अंशांवर राहिला, तोच नागपूर-जळगांवकडे मे महिन्यांत ३८ अंशांच्या खोलींत सुमारें ९६ वर जाईल. हिंवाळ्यांत बसविलेली मांडणी उन्हाळ्यांत अडखळली, तर यंत्र बिघडलें असें समजूं नये. आधीं पंख्यांतील व जाळीवरील धूळ काढावी, प्रोसेसर आणि त्यावरील थंड करणारा धातूचा ठोकळा यांमधील थर्मल पेस्ट वाळली असल्यास नवी लावावी, आणि तरीहि तापमान उतरत नसेल तर वेग उतरवावा.

व्होल्टेजविषयीं आणखी एक बारकावा आहे. जड काम सुरू होतांच प्रोसेसरपर्यंत पोंचणारें व्होल्टेज बायोसमध्यें लिहिलेल्या आंकड्यापेक्षां थोडें खालीं येतें. ही घट भरून काढण्यासाठीं 'लोड लाईन कॅलिब्रेशन' नांवाची सोय असते. ती अगदीं कमाल पायरीवर ठेवली, तर काम एकाएकीं थांबतांच व्होल्टेज क्षणभर उसळी घेतें, आणि ती उसळी आपल्या मोजमापांत दिसतहि नाहीं. म्हणून मधली पायरी बरी.

व्होल्टेजची अति केल्यानें काय होतें, याचा दाखला अलीकडचाच आहे. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर २०२२ व २०२३ सालीं बाजारांत आले. त्यांतील कांहीं, वेग मुळींच न वाढवितां सुद्धां अडखळूं लागले. २०२४ सालीं कंपनीनें याचा उलगडा केला. प्रोसेसरला कांहीं प्रसंगीं जरुरीहून अधिक व्होल्टेज मिळत होतें, आणि त्यामुळें आंतील ठोके वाहून नेणारें मंडल झिजत होतें. कंपनीनें बायोसमार्फत नवा मायक्रोकोड दिला आणि त्या प्रोसेसरांची हमी दोन वर्षांनीं वाढविली. मात्र जी झीज होऊन गेली ती नव्या मायक्रोकोडनें भरून येत नाहीं. ज्यांच्या घरीं या पिढ्यांचे प्रोसेसर असतील त्यांनीं बायोस अद्ययावत् केल्याशिवाय दुसरा कोणताहि उपाय करूं नये. इतरांनीं यांतून एवढेंच घ्यावें, कीं व्होल्टेजनें विकत घेतलेली स्थिरता कायमची नसते. दोन वर्षें निर्वेध चाललेली मांडणी तिसऱ्या वर्षीं अडखळली, तर पुन्हां व्होल्टेज चढविण्यापेक्षां गुणक उतरविणें शहाणपणाचें.

प्रोसेसर आणि रॅम हीं दोन्ही वेगवेगळीं उत्तीर्ण झालीं म्हणजे शेवटीं तीं एकत्र चालवावीं, आणि रात्रभर परीक्षा घ्यावी. त्यानंतर आठवडाभर नित्याचें काम करावें, आणि नोंदवही रोज पाहावी. एवढें होऊनहि जो वेग अखेरचा म्हणून टिकला, त्यावर यंत्र ठेवूं नये. त्याच्या एक पायरी खालीं ठेवावें. ४५०० वरून ४४०० वर आल्यानें वेग शेंकडा सव्वादोन इतकाच घटतो, आणि तेवढा फरक डोळ्यांना दिसणारहि नाहीं. पण कारखान्यानें जो राखीव ठेवला होता, त्यांतील थोडा तरी आपल्या हातीं परत येतो. आणि मे महिन्यांतली दुपार, पंख्यावर बसलेली धूळ व यंत्राचें वाढतें वय यांसाठीं तो लागणारच आहे.

संगणक केवळ खेळासाठीं असेल, तर कड्यावर उभें राहण्याची हौस ज्याची त्यानें पुरवून घ्यावी. परंतु त्याच यंत्रावर घरचा जमाखर्च, मुलांचा अभ्यास किंवा कोणाच्या पोटापाण्याचें काम होत असेल, तर सहा रकान्यांची ती वही संगणकाशेजारीं ठेवावी, आणि तींत एका चुकीची जरी नोंद झाली, तरी त्याच दिवशीं वेग उतरवावा.